चार्जिंगची स्कुटी भंगारात द्यायच्या आधी

प्रश्न : मी मानवत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. अंगणवाडी माझ्या गावापासून ७ किलोमीटरवर आहे. दोन वर्षांपूर्वी भावानं मला चार्जिंगची स्कुटी घेऊन दिली. चायनाची, सेकंडहँड, १६ हजारांत. आधी एका चार्जिंगवर दोन दिवस आरामात जायची. आता जाणं-येणं एवढंच कसंबसं होतं आणि परत येताना ओढ्याच्या पुढच्या चढावर ती बंदच पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते. विकणाऱ्यानं दुकान बंद केलं. इथले मिस्त्री म्हणतात, चायनाच्या गाडीला आम्ही हात लावत नाही. परभणीत एकानं कंट्रोलर गेलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं लिथियम बॅटरी टाका म्हणून २३ हजार मागितले. घरचे म्हणतात, भंगारात द्या. दीर म्हणतो, मोठी मोटर बसवून देतो, चढ नुसता पळत चढेल. मला यातलं काही कळत नाही, पण शिकायची तयारी आहे. काय करू?

उत्तर : ताई, गाडी भंगारात देऊ नका, २३ हजारही देऊ नका आणि दिराच्या मोटरला तर सरळ नाही म्हणा. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींत बराचसा निकाल लागलेला आहे. गाडीचा पल्ला निम्म्यावर आला, आणि चढावर बंद पडलेली गाडी थांबल्यावर पुन्हा चालते. कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला बेतानं सोडणारा डबा, जळाला असता तर गाडी दहा मिनिटांनी काय, दहा दिवसांनीही हलली नसती. कंट्रोलर तापून गाडी थांबते, असं क्वचित होतं, पण त्यानं पल्ला कमी होत नाही. हे दुखणं बॅटरीचं आहे, आणि माझा अंदाज आहे की आतल्या पाच बॅटऱ्यांतल्या एकीचंच आहे.

आधी ही गाडी आहे तरी काय ते समजून घ्या, म्हणजे मिस्त्री का घाबरतात तेही कळेल. अशा गाड्यांचे सुटे भाग चीनमधून पेट्यांतून यायचे. इथं कोणीतरी ते जोडायचं, त्यावर आपलं स्टिकर लावायचं आणि तालुक्याच्या गावी दुकान थाटायचं. १ एप्रिल २०१९ पासून विजेवरच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात हळू चालणाऱ्या, शिशाच्या बॅटरीच्या गाड्यांना अनुदान उरलं नाही. पुढं असे बरेच विक्रेते धंद्यातून उठले आणि गिऱ्हाईक उघड्यावर पडलं. तुमचं दुकान का बंद झालं ते मला माहीत नाही, पण स्टिकरवरच्या नावाच्या मागं धावण्यात आता अर्थ नाही. त्या नावाचा स्पेअर पार्ट कुठंच मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. या गाडीत त्या कंपनीचं स्वतःचं म्हणावं असं प्लॅस्टिकच्या बॉडीपलीकडं फार थोडं असतं. बाकी सगळे भाग ठरलेल्या मापाचे असतात आणि माप त्यांच्यावरच छापलेलं असतं. मिस्त्री गाडीचं नाव विचारतो आणि अडतो. तुम्ही त्याच्यापुढं आकडा ठेवा, तो अडणार नाही.

आता बॅटरीकडं येऊ. तुमची गाडी बहुधा ६० व्होल्टची असणार, म्हणजे १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. चार निघाल्या तर ती ४८ व्होल्टची, हिशेब तोच. पाय ठेवायच्या जागेखालचं झाकण नाहीतर सीटखालची पेटी उघडली की दिसतील. या पाचांतून एकच करंट वाहतो. औताच्या जोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही तगडा असला तरी औत थांबतं, तसंच इथं आहे. कंट्रोलर पाचांची बेरीज बघत असतो. ती साधारण ५२.५ व्होल्टच्या खाली गेली, म्हणजे बॅटरीमागं १०.५ झाली, की बॅटऱ्या मरू नयेत म्हणून तो मोटर बंद करतो. तुमच्या चढावर काय होत असेल ते बघा. चढाला करंट जास्त लागतो. चार चांगल्या बॅटऱ्या ओझ्याखाली ११.५ वर येतात, त्यांचे झाले ४६. पाचवी बसलेली आहे, ती ओझं पडताच ६ वर कोसळते. बेरीज ५२ झाली आणि गाडी बंद. तुम्ही थांबलात, ओझं गेलं, पाचवी पुन्हा १२ दाखवायला लागली आणि गाडी चालू झाली. म्हणूनच हँडलवरच्या बॅटरीच्या काट्यावर विसंबू नका. गाडी उभी असताना तो भरलेलाच दाखवणार.

हे खरं आहे का, ते तुम्ही स्वतः तपासू शकता. साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. त्याची चकती डीसीच्या २० वर ठेवायची. डीसीची खूण म्हणजे व्ही अक्षर आणि त्याच्याजवळ एक सरळ रेघ. चुकून एसीवर ठेवली तर आकडा भलताच येईल.

झाकण उघडण्याआधी हे नीट वाचा. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र पदराआड खोचू नका, गळ्यातून काढूनच ठेवा, कारण वाकल्यावर ते पुढं येतं. या बॅटऱ्यांच्या दोन टोकांवर धातू आडवा पडला तर तो क्षणात लाल होतो आणि हात भाजतो. सीटखालचा एमसीबी, म्हणजे गाडीचा मुख्य खटका, पाडा. चार्जर भिंतीतून काढलेला असू द्या. पाना वापरावा लागला तर त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या. ६० व्होल्टचा झटकाही ओल्या हाताला चांगलाच लागतो, तेव्हा हात कोरडे ठेवा आणि लेकरांना लांब बसवा.

आता मार्करनं बॅटऱ्यांवर १ ते ५ आकडे टाका. वहीच्या पानावर दोन रकाने करा. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून दोन तास गेले की लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला लावून प्रत्येकीचा आकडा पहिल्या रकान्यात लिहा. चांगली, भरलेली बॅटरी १२.८ च्या पुढं असते. मग अंगणवाडीला जाऊन या. परत आल्यावर चार्जिंगला न लावता लगेच पुन्हा पाच आकडे घ्या आणि दुसऱ्या रकान्यात लिहा. चार जणी १२.२-१२.३ च्या आसपास आणि एक १०.८ नाहीतर ११, असं दिसलं की चोर सापडला. बोटानं बाजूही चाचपून बघा. बसलेली बॅटरी बऱ्याचदा फुगलेली असते, सपाट पट्टी लावली की पोट लगेच कळतं.

आकडे वेगळे आले तर अर्थही वेगळा. सकाळच्या रकान्यातच पाचही जणी १२.३-१२.४ वर असतील, तर त्या भरतच नाहीत आणि संशय चार्जरवर जातो. ६० व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर भरत आल्यावर ७२ ते ७४ व्होल्ट देतो. तो फारच कमी देत असेल तर बॅटऱ्या बदलून काही साधणार नाही, नव्याही तशाच मरतील. आणि दोन्ही रकान्यांत पाचही चांगल्या निघाल्या, तर फेरीवरून आल्या आल्या एमसीबी पाडून जोडण्या चाचपा. एखादी चटका लागेल इतकी तापली असेल तर ती सैल किंवा गंजलेली आहे. पॉलिशपेपरनं घासून, नवी लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून घट्ट करा. कधीकधी एवढ्यावर काम भागतं.

एक बॅटरी बसलेली निघाली तर ती एकटीच बदलायची की पाचही, हा खरा पैशाचा प्रश्न आहे. सेट वर्षाच्या आतला असता तर मी एकच बदला म्हटलं असतं, त्याच कंपनीची आणि त्याच अँपिअर-तासाची, म्हणजे तेवढीच वीज साठवणारी. तुमच्याकडंच गाडी दोन वर्षं आहे आणि ती सेकंडहँड घेतलेली. जुन्या चौघींत नवी एक घातली की चार्जिंग करताना हिशेब जुळत नाही. जुन्या आधी भरतात आणि उकळत राहतात, नवी अर्धपोटी राहते. काही महिन्यांत तीही त्यांच्यासारखी होते. म्हणून ताई, पाचही बदला. खर्च एकदम येतो हे मला कळतं. महिन्याच्या मानधनात असा खर्च बसवणं सोपं नाही. पण एकेक करून बदलायला गेलात तर तेवढेच पैसे जातील आणि गाडी वर्षभर रखडेल ती वेगळीच.

घेताना नाव नाही, आकडा सांगायचा. जुन्या बॅटरीवर ६-डीझेडएम-२० असं काहीतरी छापलेलं असेल. चिनी पद्धतीचा तो सांकेतिक क्रमांक आहे. ६ म्हणजे आत सहा कप्पे, २ व्होल्टचा एक, म्हणून १२ व्होल्ट. शेवटचे २० म्हणजे २० अँपिअर-तास. याच मापाच्या सीलबंद बॅटऱ्या आता बऱ्याच कंपन्या विकतात. मानवतला नाही मिळाल्या तर परभणीला ई-रिक्षाचे सुटे भाग ठेवणाऱ्याकडं विचारा. मोटारसायकलची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी स्वस्तात बसवून देतो असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. ती सेल्फ मारायला बनवलेली असते, क्षणभर जोर लावायला. रोज खाली होऊन पुन्हा भरायला ती टिकत नाही. मीटर सोबत न्या आणि काउंटरवरच पाचही मोजा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी दिसते, पण आतून संपत आलेली असते. १२.६ च्या खाली असेल ती परत ठेवायला सांगा, आणि पाचांमध्ये एकमेकींत ०.१ पेक्षा जास्त फरक नको. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पाचांचे नंबर लिहून घ्या. वॉरंटी त्या नंबरवर चालते, ओळखीवर नाही.

लिथियमबद्दल. चीज चांगली आहे. वजनाला हलकी आणि शिशाच्या कितीतरी पट जास्त वेळा भरता येते. तुमची रोजची फेरी ४० किलोमीटरची असती तर मी विचार करा म्हटलं असतं. पण तुम्हाला १४ किलोमीटर जायचंय. २० अँपिअर-तासाचा शिशाचा चांगला सेट तेवढ्यात तिसऱ्या हिश्शाइतका उतरतो, आणि शिशाची बॅटरी जितकी कमी उतरते तितकी जास्त टिकते. १६ हजारांच्या गाडीत २३ हजारांची बॅटरी घालून तुमच्या हातात जास्तीचं काय पडणार? शिवाय नाव-गाव नसलेल्या लिथियम पॅकमध्ये जुने सेल भरून वरून निळी पट्टी गुंडाळलेली असू शकते, आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. २०२२ मध्ये देशात ई-स्कूटरला आगी लागल्या, त्यानंतर केंद्रानं बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. पुढंमागं लिथियम घ्यायचीच झाली तर फॉस्फेटवाली (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, त्या मानकाचा कागद मागा आणि तिच्यासोबत तिचाच चार्जर घ्या. शिशाचा जुना चार्जर लिथियमला लावणं म्हणजे घराला धोका आहे. तुम्हाला २३ हजार सांगणाऱ्यानं त्यात चार्जर धरला होता का, ते तुमच्या पत्रात नाही. नसेल धरला तर तो माणूस सल्ला घ्यायच्या लायकीचा नाही.

नवा सेट बसवला की पुढचं सगळं चार्जिंगच्या सवयीवर आहे, आणि मराठवाड्यात तर जास्तच. शिशाच्या बॅटरीचा खरा वैरी ऊन. साधारण २५ अंश तापमान तिला मानवतं. तिथून दर १० अंशांना तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर जातो. म्हणून दुपारी आल्या आल्या गाडी पत्र्याखाली लावून चार्जर घुसवू नका. निंबाची सावली असेल तर तिथं उभी करा, बॅटरी निवू द्या आणि रात्री जेवणं झाल्यावर चार्जिंगला लावा. अंगणवाडीतही सावलीच बघा, दुपारच्या उन्हात सीटखाली हात ठेववत नाही एवढं तापतं.

रोज लावा. अर्धी उतरली असली तरी लावा. पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, असं लोक सांगतात. शिशाच्या बॅटरीला ते अगदी उलटं आहे. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आत सल्फेटचे खडे धरतात आणि ती कायमची बसते. दिवाळीत किंवा मे महिन्यात माहेरी जाणार असाल तर पूर्ण भरून, एमसीबी पाडून जा आणि महिन्यातून एकदा कोणाला तरी चार्ज करायला सांगा.

चार्जर घरातल्या साध्या ५ अँपिअरच्या थ्री-पिन सॉकेटवर चालतो. फार वीज ओढत नाही, पण अर्थिंग हवं. लांबून ओढलेल्या बारीक वायरवर, टेपनं चिकटवलेल्या बोर्डावर तो रात्रभर ठेवू नका. लाईट गेली आणि परत आली की पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होतं. जागे असाल तर बटण बंद करून थोड्या वेळानं लावा. गाडी घराच्या एकुलत्या दारात किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावायची नाही. काही पेटलं तर बाहेर पडायला वाट पाहिजे. ओसरीचा मोकळा कोपरा सगळ्यात बरा. दहा तास झाले तरी चार्जरचा दिवा हिरवा होत नाही आणि बॅटरीची पेटी गरम लागते, असं दिसलं की काढून टाका आणि पुन्हा पाच आकडे घ्या. शेजाऱ्याचा चार्जर कधीच लावू नका, पिन तंतोतंत बसली तरीही. या चार्जरांच्या तीन पिनांत प्लस कुठली आणि मायनस कुठली, ते प्रत्येक बनवणाऱ्यानं आपापल्या मर्जीनं ठरवलंय. उलटं जोडलं गेलं की चार्जरही जातो आणि कंट्रोलरही.

बाकीच्या गाडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिचं दुखणं सध्या तिथं नाही. कंट्रोलरच्या डब्यावर व्होल्ट, अँपिअर आणि वॅट लिहिलेलं स्टिकर असतं. ते अजून वाचता येतंय तोवर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उद्या खरंच जळाला तर तेच आकडे दाखवून दुसरा मिळतो. किल्ली लावल्यावर दिवे लागतात पण रेस पिळली तरी गाडी हलत नाही, असं कधी झालं तर घाबरून परभणी गाठू नका. आधी मागचा ब्रेकलाईट बघा. ब्रेक न दाबता तो जळत असेल तर ब्रेकच्या लिव्हरमधलं छोटं बटण धुळीनं अडकलंय. ब्रेक दाबला आहे असं समजून कंट्रोलर मोटर सोडत नाही. लिव्हर चार वेळा झटकली की बहुतेकदा सुटतं. याच बारक्या गोष्टीसाठी नवा कंट्रोलर गळ्यात मारलेला मी पाहिला आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

टायरवर ३.००-१० किंवा ९०/१००-१० असं काही असेल. शेवटचे १० म्हणजे १० इंची रिम, आपल्या गावोगावच्या स्कूटरांना चालत आलेली. पंक्चरवाल्याला त्यात नवीन काही नाही. चाक डुगडुगत असेल तर बेअरिंग काढून त्याच्या कडेवरचा आकडा वाचा, ६२०१, ६२०२ असा काहीतरी असतो. ६२०२ म्हणजे आतलं भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११. तो चीनमध्ये बनला काय किंवा पुण्यात बनला काय, माप तेच. मोटर पंपाची बेअरिंग विकणाऱ्याकडं मिळेल. ब्रेक लायनर मात्र जुना हातात घेऊनच दुकानात जा आणि माप जुळवून आणा. एका जागी मी आग्रह धरीन. मागच्या चाकाचा मुख्य नट दर आठवड्याला पान्यानं तपासा. मोटर चाकातच असते आणि जोर लावताना तिचा आस उलटा फिरायला बघतो. नट सैल असला तर तो फिरतो आणि आसातून आत गेलेल्या सगळ्या वायरी पिळून तुटतात. मग मोटर उघडावी लागते, आणि ते काम खेड्यात होत नाही.

पावसाळ्याचं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या वाटेत ओढा आहे म्हणून सांगतो. मोटर चाकात आहे, तेव्हा चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं की ते आसाच्या वायरींतून आत शिरतं. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायचीच नाही, हे तर गाडीपेक्षा जिवासाठी. दुसरं, आपली काळी माती. पांदणीतून दोनशे पावलं गेलं की मडगार्डात चिखल ठासून बसतो आणि चाक जाम होतं. चाक अडलेलं असताना रेस पिळत राहिलं की सगळा करंट मोटरीत आणि कंट्रोलरमध्ये उष्णता होऊन जिरतो. थांबा, काडीनं चिखल काढा, मगच पुढं जा. धुताना वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, बादली आणि फडकं पुरतं.

आता दिराची मोटर. त्याचा हेतू चांगला असेल, पण तुमची गाडी आज कोणत्या आधारावर बिननंबरची फिरते ते त्याला सांगा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) प्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून नोंदणी नको आणि लायसन नको. मात्र त्या मॉडेलची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तशी तपासणी झालेली असावी लागते. जुन्या मालकाकडं तो कागद असेल तर भावाला मागून घ्यायला सांगा. मोठी मोटर बसवली की ही सूट संपली. गाडी बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन झाली. उद्या कोणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या घरातून जाईल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी या गाडीची फ्रेम, ब्रेक आणि पुढचे शॉकप २५ च्या वेगासाठी बनलेले आहेत. ५० च्या वेगात खड्डा आला तर ते धरणार नाहीत. अशा गाड्यांत बऱ्याचदा वेग बांधून ठेवणारी एक वायर असते आणि ती सोडून विकण्याची चाल आहे. तुमची गाडी सपाटीवर ३५-४० नं पळत असेल तर ती वायर पुन्हा जोडून घ्या. चढही जरा हळू चढेल, पण बॅटरीवर ओझं कमी येईल आणि तुमची तक्रार तीच आहे. हेल्मेट मात्र २५ च्या वेगालाही घाला.

घरच्यांना सांगायला एक हिशेब देतो. तुमच्या १४ किलोमीटरला भिंतीतून अर्धा ते पाऊण युनिट वीज लागते. पेट्रोलची स्कुटी तेवढ्यासाठी लिटरचा साधारण तिसरा हिस्सा पिते, आणि परभणीचं पेट्रोल तर राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलांपैकी असतं, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून यावा लागतो. नव्या सेटचा खर्च त्या फरकातून किती महिन्यांत निघतो ते त्यांच्यासमोर वहीत मांडा. तुमची गाडी, तुमची रोजची वाट, तुमची वेळ. कोणी सोडायला येईल म्हणून दारात थांबावं लागत नाही, याची किंमत मी त्या हिशेबात धरलेली नाही, तुम्ही धरा.

जुन्या पाच बॅटऱ्या भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. त्यात शिसं आणि तेजाब असतं आणि उघड्यावर फोडणाऱ्या माणसाला ते बाधतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवा सेट देणारे बहुतेक दुकानदार जुना घेतातच. वजन तुमच्यासमोर काट्यावर करायला लावा आणि ती रक्कम नव्या बिलातून वजा केलेली कागदावर दिसू द्या. दोन्ही रकान्यांतले आकडे आणि कंट्रोलरच्या स्टिकरचा फोटो मला पाठवा. पाचही बॅटऱ्या सारख्याच चांगल्या निघाल्या, तर खरेदी थांबवा, मग चार्जर आणि जोडण्या आपण एकेक करून बघू.